विझलेल्या काडीचा वास

१

वीरेंद्रने ग्लास नाकाशी नेला, एकदा हुंगला, डोळे मिटून पुन्हा हुंगला, आणि एक छोटा घोट घेऊन ग्लास टेबलावर ठेवून दिला.

"अश्विन," तो म्हणाला, "परवा नागपुरात तू मला जी वाइन दिलीस, ती ही नव्हे."

करडी गावातल्या त्या अंगणात दुपारचे साडेबारा वाजले होते. डिसेंबरचं ऊन निंबाच्या पानांतून टेबलावर उतरत होतं. धान घरात आलं होतं, मागच्या बांध्या, धानाची खाचरं, मोकळ्या पडल्या होत्या आणि चुलीवर भाजल्या जाणाऱ्या झिंग्यांचा वास अंगणभर फिरत होता. इतका वेळ सगळे हसत-बोलत होते.

पाहुणी आलेल्या करुणाने ग्लासाकडे पाहिलं नाही, अश्विनकडे पाहिलं. त्याचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा दिसत नव्हता. कुलूप लावून गेलेल्या माणसाला परतल्यावर दार उघडं दिसावं, तसा दिसत होता.

अश्विन याच घरातला. आठ वर्षं नाशिककडे एका वाइनरीच्या तळघरात राबला. गेल्या वर्षीच्या मोसमात मालकांनी त्याला ओकच्या लाकडाचं एक पिंप दिलं आणि सांगितलं, यात तुझ्या मनासारखं काय ते कर. अश्विनने त्यात शार्दोने द्राक्षांचा रस भरला, तो पिंपातच आंबू दिला आणि चौदा महिने त्याच्याच गाळावर निजवून ठेवला. न गाळता बाटल्या भरल्या. तीनशे निघाल्या.

वीरेंद्र मूळचा पुण्याचा. विदर्भातल्या पाच-सहा हॉटेलांसाठी वाइन निवडणं हे त्याचं काम. त्याने ही वाइन घेतली तर पुढच्या वर्षी मालक अश्विनच्या हवाली पिंपांची आख्खी ओळ करणार होते. त्याने तिला खोटी ठरवलं तर या एवढ्याशा धंद्यात अश्विनला कोणी पिंपाजवळ उभं करणार नव्हतं. हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"सर, बाटली तीच आहे," अश्विन म्हणाला. "त्याच पेटीतली. सकाळी मीच उघडली."

"मी बोलणार नव्हतो," सचिन म्हणाला. हा नागपूरच्या एका वितरकाचा माणूस. वीरेंद्रच्या हॉटेलांना दुसऱ्या वाइन तोच पुरवायचा आणि आज त्याच्याच गाडीतून आला होता. "पण नवीन लोक असं करतात, सर. दाखवायला एक, पाठवायला दुसरी."

अश्विनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. वीरेंद्रने हात वर करून सचिनला थांबवलं.

"दुसरी बाटली आहे?"

"आहे. दुसऱ्या पेटीत आहे. तिची पट्टीपण उघडली नाही."

"आण. माझ्यासमोर उघड."

२

पेटी टेबलावर आली. पट्टी फाडली, बूच निघालं, स्वच्छ ग्लासात दोन बोटं वाइन पडली. वीरेंद्रने ग्लास फिरवला आणि नाक आत घातलं. त्याच्या कपाळावरची आठी सुटली.

"ही ती," तो म्हणाला. "हीच."

त्याने ग्लास करुणाकडे सरकवला. करुणा भंडाऱ्याच्या कोष्टी घरातली. पिढ्यान् पिढ्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणं आणि विकणं हा त्यांचा व्यवसाय, आणि रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती आता सूत रंगवायचं घरचं रंगघर सांभाळत होती. कॉलेजच्या सुट्ट्यांत अश्विन तिच्याकडे कामाला येई. पळसफुलांचा काढा उतरला की नाही हे तो झाकण न काढता, नुसत्या वासावर सांगायचा. याचं नाक वेगळं आहे हे तिनेच त्याला पहिल्यांदा सांगितलं होतं. म्हणून आजच्या जेवणाला तिला आग्रहाने बोलावलं होतं, आणि येताना तिने कोशाचे चौकोनी रुमाल आणले होते.

तिने हुंगलं. आधी भाजलेलं खोबरं, मग साईचं लोणी, त्याच्या मागे व्हॅनिला, पिकल्या जर्दाळूचा गर. हे ओकच्या लाकडाचं आणि द्राक्षाचं देणं. आणि या सगळ्यावरून एक बारीक, कोरडी धुराची रेघ गेलेली. नुकत्याच ओढून विझवलेल्या आगपेटीच्या काडीची.

तिला आवडली ती रेघ. सोनेरी रंगात एकच काळा धागा विणावा, तशी.

अश्विनने श्वास सोडला होता. पण सचिन उठला, त्याने दोन्ही बाटल्या उचलून उन्हात धरल्या.

"सर, हे बघा. हिच्या तळाला पांढरा गाळ आहे. आणि ही पहिली, हिच्यात कणसुद्धा नाही. दोन्ही एकाच पिंपातल्या असतील तर हिचा गाळ गेला कुठे?"

दुसऱ्या बाटलीने अश्विनला सोडवायचं होतं, तिने त्याला आणखी अडकवलं.

वीरेंद्रने दोन्ही बाटल्या आपल्यापुढे ओढून घेतल्या. "मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "ही दुसरी वाइन विलक्षण आहे. आपल्याकडे ओक म्हणजे फळीचा तुकडा चोखल्यासारखी चव, असं करून ठेवलंय लोकांनी. इथे लाकूड मागे उभं आहे, पुढे येत नाही. पण तीनशे बाटल्या मागवल्या तर त्यात अशा किती आणि तशा किती, हे मला कोण सांगणार?"

"सर, मी..."

"तुझ्या आईने पहाटेपासून खपून स्वयंपाक केलाय. जेवून निघू. तोवर कोणाला काही सांगायचं असेल तर सांगा."

करुणाने रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "वीरेंद्र, तीन गोष्टी विचारू? पहिल्या ग्लासातून नेमकं काय गेलंय?"

"काडीचा वास. पूर्ण."

"काय राहिलंय?"

वीरेंद्रने पहिला ग्लास पुन्हा उचलला. त्याला प्रश्न आवडलेला दिसला. "खोबरं आहे. लोणी आहे. जर्दाळू आहे. आंबटपणा तोच." तो थबकला. "बाकी सगळंच आहे की."

"आणि नवीन काही?"

त्याने घोट घेतला, तोंडात घोळवला. "शेवटी किंचित काहीतरी. लहानपणी नाणं चाटल्यावर लागायचं तसं. अगदी किंचित."

करुणाने मान हलवली. सगळी तिजोरी जागच्या जागी ठेवून एकच दागिना नेणारा चोर. त्याला काय हवं होतं ते नेमकं ठाऊक होतं, किंवा काहीच ठाऊक नव्हतं.

३

अश्विनकडे सांगण्यासारखं थोडंच होतं. दहा वाजता त्याने बाटली उघडली, थोडी हवा लागू दे म्हणून बूच सैल लावलं, ओल्या पोत्यात गुंडाळून रांधणीत, स्वयंपाकघरात, ठेवली आणि पाहुण्यांना घ्यायला भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर गेला. परतला तेव्हा बारा वाजले होते. बाटली पोत्यातच होती.

"घरी कोण होतं?"

"आई. अन् चंदन." तो घुटमळला. "ताई, चंदनले इचारू नका. त्याले वाईट वाटन."

"न विचारल्याचं जास्त वाटेल."

चंदन अश्विनचा चुलतभाऊ, पस्तिशीचा, दोघांची शेती एकटा बघणारा. अश्विनने नाशिक सोडून गावी यावं म्हणून त्याने दिवाळीत मोठं भांडण केलं होतं. तो मागच्या ओट्यावर तोंड पाडून बसला होता.

"मले मालूम हाये तुमी काहून आल्या," तो म्हणाला. "मी नाही केलो. मी तं बाटली पाह्यलीबी नाही. मोठाईनं, अश्विनच्या आईनं, साडेदहालेच मले रांधणीतून हाकललं."

"का?"

"म्हणे, काड्या कोठीबी फेकतं. आता सांगा, बीडी सोडून दोन वर्सं झाली मले. खिशे उलटे करून दाखवलो. तरी ऐकून नाही राहिली. मी सकाळपासून या घरात नसलेली काडी हुडकून राहिलो, ताई."

करुणाला आठवलं. ती अकराला पोचली तेव्हा आतून अश्विनच्या आईचा, निर्मलाबाईंचा, आवाज येतच होता, पेटलेल्या काड्या टाकायले हे घर हाये का उकिरडा म्हणून.

"चुलीची असेल काडी."

"चूल पहाटे पाचपासून धगधगून राहिली. काडी लागतेच कायले?"

सचिनने लपवाछपवी केली नाही. "ही वाइन यादीत आली तर माझी एक जाते, हे खरं आहे. पण मी आत गेलो ते हात धुवायला, आणि काकूंनी मला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. तिथेच तांब्या दिला. आता त्या उंबऱ्यावरून मी बाटली कशी बदलणार ते तुम्हीच सांगा."

ते खरं होतं. शिवाय बदलायची तर तेच खोबरं, तेच लोणी, तोच जर्दाळू असलेली दुसरी वाइन आणणार कुठून? अशी वाइन हाताशी असलेला माणूस ती दुसऱ्याच्या बाटलीत कशाला भरेल?

उरल्या निर्मलाबाई. दारूच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या. पण आज पहाटे उठून त्यांनी बोडीतले, शेतातल्या छोट्या तळ्यातले, झिंगे निवडले होते, पाटोडीचं बेसन घाटलं होतं आणि पाहुण्यासाठी राखून ठेवलेला चिन्नोर तांदूळ काढला होता. भात शिजत होता आणि त्याच्या वासाने रांधणी गोडावली होती.

"काकू, बाटली कोणी उघडली?"

"अश्विननं. तो गेला ना मंग पाहुण्याईले आणायले."

"कोणी बदलली का ती?"

"कोण बदलन, बाप्पा? मी इथंच तं व्हती."

"त्यात काही पडलं का? कोणी टाकलं?"

निर्मलाबाईंनी झिंगे परतता परतता तिच्याकडे पाहिलं. "त्याच्यात काय टाकतेत? मीठ?" मग जरा आवाज उतरवून, "करुणा, हे काय चालू हाये बाहेर? पोरगा काहून पांढरा पडला? झिंगे बिघडले काय?"

"नाही काकू. झिंगे फार सुंदर झालेत."

"त्या पुण्याच्या पाहुण्याले इचारलं, सांबार टाकू का वरतून, तं तो म्हणे झिंग्यावर सांबार नको, वेगळ्या वाटीत द्या. येडा हाये का तो?"

करुणाला हसू आलं. पुण्याचा माणूस सांबार म्हणजे इडलीबरोबरचं समजला आणि इकडे सांबार म्हणजे काकूंच्या हातातली कोथिंबीर. दोघंही खरं बोलत होते. विचारणाऱ्याचा शब्द एक, उत्तर देणाऱ्याचा दुसरा.

आणि हसता हसता ती थांबली. काकूंनी तिच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं खरी दिली होती. बाटली अश्विनने उघडली. कोणी बदलली नाही. कोणी काही टाकलं नाही. उत्तरांत खोट नव्हती. मग प्रश्नच चुकत होते.

तिने रांधणीत सावकाश नजर फिरवली. फळीवर पितळेची भांडी ओळीने मांडलेली, रोजच्या वापराने मंद झालेली. एक जागा रिकामी. ओट्यावर, खिडकीखाली, एक गडवा पालथा घातलेला. हा एकटाच चिंचेने घासलेला, बाहेरून आणि आतूनही, नव्या नाण्यासारखा. वर दोरीवर पांढऱ्या मलमलीचा एक धुतलेला तुकडा, अजून ओलसर. करुणाने तो हातात घेतला आणि नाकाशी नेला.

पाण्याचा वास. त्याच्या तळाशी, फार लांबून, जर्दाळू.

ती गडवा आणि कापड घेऊन अंगणात आली.

"पंधरा मिनिटं द्या," ती म्हणाली. "चोर घरातच होता. ओट्यावर पालथा पडला होता."

४

तिने दुसऱ्या बाटलीतली ग्लासभर वाइन मलमलीतून गडव्यात गाळली. गाळ कापडावर राहिला. मग तिने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि झिंग्यांचं ताट वीरेंद्रकडे सरकवलं.

"तोवर जेवा."

वीरेंद्रने झिंगा तोंडात टाकला, त्यावर दुसऱ्या बाटलीतला घोट घेतला. अशा वेळीही त्याला राहवलं नाही. "हे बघा," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "झिंग्याला चुलीचा धूर आहे, वाइनला काडीचा. दोन धूर एकमेकांना ओळखतात. आणि मधे लोण्यासारखा गर. हॉटेलच्या गॅसवर हे होणार नाही."

"आमच्या रंगघरात," करुणा म्हणाली, "नवीन माणसाला पहिल्या दिवशी भांड्यांना हात लावू देत नाहीत. हिरड्याचा तोच काढा लोखंडी कढईत घातला तर कोसा काळा होतो, तांब्याच्या भांड्यात हिरवट, आणि कल्हईच्या भांड्यात पिवळाच राहतो. माझे आजोबा रंग बघून कोणत्या भांड्यातला ते सांगायचे. भांडं नुसतं धरून ठेवत नाही. ते कामात भाग घेतं."

सचिनने गडव्याकडे पाहिलं. "पण इथे रंग बदललेला नाही."

"वास बदललाय. विझलेल्या काडीचा वास गंधकाचा असतो. वाइन गाळावर बरेच दिवस राहिली की तसले पदार्थ तिच्यात तयार होतात, अगदी नावापुरते, पण नाकाला तेवढे पुरतात. आणि गंधकाला तांबं दिसलं की ते त्याला जाऊन चिकटतं. पितळेत अर्ध्याहून जास्त तांबंच असतं. रोजच्या भांड्यावर काळपट थर असतो, तो आड येतो. पण चिंचेने घासलेला गडवा म्हणजे उघडं तांबं."

पंधरा मिनिटं झाली. तिने तीन ग्लास घेतले, वीरेंद्रला पाठ करून बसायला सांगितलं आणि अश्विनकडून तिन्ही ग्लासांत वाइन ओतून घेतली. एकात पहिल्या बाटलीतली, एकात दुसऱ्या बाटलीतली, एकात गडव्यातली. ग्लासांच्या दांड्यांना तिने रुमालाच्या दशीतले रंगीत धागे बांधले. कोणता धागा कशाचा हे वीरेंद्रला माहीत नव्हतं.

"आता वळा."

वीरेंद्रने एक-एक ग्लास उचलला. पिवळ्या धाग्याचा. लगेच बाजूला ठेवला. "ही काडीची." मग लाल. मग हिरवा. पुन्हा लाल. त्याने घोट घेतला, बराच वेळ जीभ टाळूला लावून बसला. अश्विन टेबलाची कड धरून उभा होता. चंदन मागच्या ओट्यावरून येऊन निंबाला टेकला होता.

"लाल आणि हिरवी एकच वाइन आहे," वीरेंद्र म्हणाला. "दोन्हीला शेवटी तेच नाणं."

"लाल पहिल्या बाटलीतली. हिरवी आत्ता तुमच्यासमोर दुसऱ्या बाटलीतून काढलेली." करुणाने गडवा टेबलाच्या मधोमध ठेवला. "वाइन बदलली नाही. ती गाळली गेली, या गडव्यात थोडा वेळ बसली आणि परत आपल्या बाटलीत गेली. म्हणून गाळ नाही, म्हणून काडी नाही, म्हणून तोंडात नाणं."

सचिनने हिरव्या धाग्याचा ग्लास हुंगला, मग लाल. तो खाली बसला. "मी जे बोललो ते मागे घेतो," तो अश्विनला म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण गाळली कोणी? आणि कशासाठी?"

तेवढ्यात निर्मलाबाई भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या.

आता करुणाकडे नेमका प्रश्न होता. "काकू, अश्विनची वाइन तुम्ही गाळली का?"

"गाळली ना," निर्मलाबाई म्हणाल्या. "काहून?"

५

अश्विनने डोळ्यांवर हात घेतला. वीरेंद्र उठून उभा राहिला, पण बोलला मात्र करुणाशीच. "त्यांना विचारा, का गाळली. गाळ दिसला म्हणून?"

"गाळ तं मंग दिसला." निर्मलाबाईंनी पातेलं ठेवलं. सगळ्यांचे चेहरे पाहून त्या बावरल्या होत्या. "अश्विनच्या त्या बाटलीतून काडीचा वास येऊन राहिला व्हता. पेटवून विझवल्यावर येते ना, तो. मले वाटलं, या चंदननं चोरून बीडी ओढली अन् काडी बाटलीत टाकली. पाहुण्याले अशी कशी देऊ? म्हून गडवा घासला, फडकं घेतलं, गाळली. काडी काही सापडली नाही, गाळच निघाला. पण थोड्या वेळानं पाह्यलं तं वास गेलता. मले बरं वाटलं. परत भरून ठेवली."

"सांगितलं काहून नाही, आई?"

"कोणं इचारलं? ही इचारते बदलली का, टाकलं का. मी काही बदलली नाही, काही टाकलं नाही. ताक गाळते, पाणी गाळते, तं ते सांगत फिरते का मी?" मग त्यांनी अश्विनकडे नीट पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी काही खराब केलं का रे? तुह्या कामाचं?"

उत्तर वीरेंद्रने दिलं.

"काकू, बाटली ओल्या पोत्यात होती ना? बूच लावलेलं होतं?"

"व्हतं. सैल व्हतं."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"चुलीपाशी. झिंगे भाजत."

वीरेंद्र पुन्हा खाली बसला. "मी हे काम शिकलो तेव्हा," तो हळू आवाजात म्हणाला, "तो एक वास पकडायला मला दोन वर्षं लागली. शिकवणारे वर्गात काड्या ओढून दाखवायचे. म्हणायचे, हे शोधा. आमच्यातल्या निम्म्यांना तो कधीच सापडला नाही. या बाईंनी सैल बुचातून, ओल्या पोत्यातून, चुलीच्या धुरात झिंगे भाजताना तो ओळखला. इतका नेमका ओळखला, की काडी कोणी टाकली ते शोधायला निघाल्या."

करुणाने अश्विनकडे पाहिलं. झाकण न उघडता पळसाचा काढा ओळखणारं नाक. ते रंगघरात आलं नव्हतं. घरून घेऊनच आला होता तो.

"काकू, एक करता?" वीरेंद्रने पिवळ्या धाग्याचा ग्लास पुढे केला. "प्यायचं नाही. फक्त वास घ्या आणि सांगा, यात आणखी काय आहे."

निर्मलाबाईंनी पदराने हात पुसले, ग्लास भांडं धरावं तसा दोन्ही हातांनी धरला आणि हुंगला. घाई केली नाही. "खोबरं हाये, भाजलेलं. भिजल्या लाकडाचा वास हाये, पण चांगला, नव्या कोऱ्या पाटाचा वास असते तसा. अन् काडी हायेच." त्या पुन्हा वाकल्या. "देवापाशी दिवा लावला का काडी विझवतो ना आपण. बीडीवाली नाही. ती. मले सकाळी समजलं नाही."

वीरेंद्रने खिशातून वही काढली आणि शब्दाला शब्द उतरवून घेतलं. यादीवर वाइनखाली हेच छापतो, तो म्हणाला, दुसरं काही लिहायला राहिलंच नाही.

मग ताटं वाढली गेली. चिन्नोरच्या भातावर तूप पडलं तेव्हा वीरेंद्रने गमतीने हिरव्या धाग्याचा ग्लास उचलला, घोट घेतला आणि पुन्हा भाताचा घास घेतला. "आश्चर्य आहे," तो म्हणाला. "झिंग्याबरोबर काडीवालीच हवी. पण या भाताला धूर सोसवत नाही. त्याचा स्वतःचा वास इतका नाजूक आहे. त्याला ही गडव्यातली बसते. लोण्याला तूप भेटतं, मधे कोणी येत नाही." त्याने अश्विनकडे पाहिलं. "तीनशेतल्या किती उरल्यात?"

"दोनशे चौऱ्याण्णव, सर."

"सगळ्या घेतो. मालकांना आज फोन करतो. आणि आधी तुझी माफी मागतो."

"मग सर, माह्यीपण मागा," निंबाखालून चंदन म्हणाला. "नाही म्हंजे तुमी नाही. मोठाई. सकाळपासून शिव्या खाऊन राहिलो मी, न ओढलेल्या बीडीसाठी."

निर्मलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. चुलीवरून आणलेल्या ताटात त्यांनी थोडा वेळ हात फिरवला, सगळ्यांत मोठा झिंगा शोधून काढला आणि चंदनच्या पानात ठेवला. त्यावर सांबार टाकला, मूठभर.